आजार एकाचा, भार अवघ्या घराचा

रुग्णालयाचा वार्षिक अहवाल हा मुख्यतः आकड्यांचा असतो. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले, किती दाखल झाले, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, किती रकमेची सवलत दिली, हे तक्ते विश्वस्त मंडळापुढे आणि देणगीदारांपुढे ठेवणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु या सर्व तक्त्यांत मोजणीचे एकक एकच असते, ते म्हणजे रुग्ण. प्रत्यक्षात आमच्या दारात एकटा रुग्ण क्वचितच येतो. त्याच्यासोबत पत्नी असते, सून असते, पुण्याहून रजा काढून आलेला मुलगा असतो. संमतीपत्रावर सही त्यांची, औषधांची चिठ्ठी त्यांच्या हाती, अनामत रक्कम भरायची त्यांनी. केसपेपरवर मात्र या मंडळींसाठी एकच ओळ राखलेली असते: नाव, नाते आणि दूरध्वनी क्रमांक. त्यांची स्वतःची प्रकृती कशी आहे, हे विचारणारा रकाना कोणत्याही कागदावर नसतो.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. हिशेबाच्या कामात एक गोष्ट पक्की शिकायला मिळते. जो खर्च वहीत नोंदवला जात नाही, तो नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी खिशातून जात असतो. दीर्घ आजारपणात घरच्या माणसांना सोसावा लागणारा मनस्ताप हा असाच न नोंदवलेला खर्च आहे. तो कोठे होतो, कोण भरतो आणि कमी कसा करता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

अल्पकाळचे दुखणे आणि दीर्घकाळचे आजारपण

सर्पदंश, मोडलेले हाड किंवा अडलेले बाळंतपण अशा प्रसंगी आपल्याकडील खेडी आजही एक होतात. मध्यरात्री जीप मिळते, भावकीतील चार माणसे सोबत निघतात, कोणी पैसे पुढे करतो, कोणी मागे राहिलेल्या जनावरांची वैरण बघतो. पंधरा दिवसांत रुग्ण घरी परततो आणि घर पूर्ववत होते.

पक्षाघात, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, स्किझोफ्रेनिया यांची रीत निराळी आहे. येथे 'बरे झाल्याचा' दिवस ठरलेला नसतो, काही वेळा तो येतच नाही. पहिल्या महिन्यात घर भरून वाहते. सहाव्या महिन्यात विचारपूस फोनवर येते. दुसऱ्या वर्षी घरातील दोन-तीन माणसेच उरतात. इतरांची माया आटते असे मुळीच नाही. संकटाला धावून जाण्याची आपल्या समाजाला सवय आहे. रोज थोडे थोडे धावण्याची व्यवस्था मात्र आपण उभी केलेली नाही.

उदाहरणादाखल रक्तशुद्धीकरणाची, म्हणजे डायलिसिसची, गरज असलेला रुग्ण घ्या. हा उपचार साधारणतः आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास घ्यावा लागतो. आंबवड्यासारख्या गावातून पुण्यास जायचे, तर आधी भोर, तेथून कापूरहोळ आणि पुढे महामार्ग असा प्रवास असतो. चार तासांच्या उपचारासाठी रुग्णाचा पूर्ण दिवस जातो आणि त्याच्यासोबत जाणाऱ्याचाही. आठवड्यातील तीन दिवस असे गेले, की सोबत जाणाऱ्या माणसाची मजुरी, शेती किंवा नोकरी टिकत नाही. भाताची लावणी पावसावर होते आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजना उपचारांच्या खर्चाचा मोठा भार उचलतात, ही समाधानाची बाब आहे. सोबत्याची बुडालेली मजुरी आणि त्याची मोडलेली झोप मात्र कोणत्याही योजनेच्या यादीत येत नाही.

घरातील प्रत्येकाचा वाटा वेगळा

आजारपणाचा परिणाम 'कुटुंबावर' होतो असे आपण म्हणतो, पण तो सर्वांवर सारखा होत नाही.

प्रत्यक्ष शुश्रूषा करणारी व्यक्ती बहुतेक घरांत स्त्री असते: पत्नी, सून किंवा अविवाहित मुलगी. रात्री दोनदा उठणे, कूस बदलणे, अंथरूण स्वच्छ करणे, पथ्याचा स्वयंपाक वेगळा करणे ही कामे ती करते आणि सकाळी नेहमीच्या कामालाही लागते. तिच्या कामाला सुट्टी नसते आणि ते 'काम' म्हणून मोजलेही जात नाही. तिचा स्वतःचा रक्तदाब वाढलेला असतो, गोळ्या संपलेल्या असतात. परंतु ज्या घरात एकाच्या औषधांवर इतका खर्च होतो, तेथे स्वतःचे दुखणे काढणे तिला अपराधासारखे वाटते.

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस राहणाऱ्या मुलाचा त्रास निराळा असतो. पैसे तो पाठवतो, निर्णयही त्यालाच विचारून होतात. मात्र जवळ नसल्याची टोचणी त्याला लागलेली असते. अनेकदा ही टोचणी रागाच्या रूपाने बाहेर पडते. दोन दिवसांसाठी आलेला मुलगा औषधे, डॉक्टर, आहार या सर्वांत बदल सुचवतो आणि वर्षभर राबणाऱ्या वहिनीच्या वाट्याला कौतुकाऐवजी चौकशी येते. रुग्णशय्येच्या आसपास होणाऱ्या कित्येक भांडणांचे मूळ असे असते. दोघेही थकलेले असतात. एकजण कष्टाने, दुसरा टोचणीने.

लहान मुलांना कोणी काही सांगत नाही. त्यांना समजत नाही असे वडीलधारे गृहीत धरतात. परंतु घरातील कुजबुज, आईचे डोळे, बंद झालेले हसणे हे सर्व मुले टिपत असतात. नेमके कारण न कळल्यामुळे काही मुले 'माझ्याच वागण्याने हे झाले' असा समज करून घेतात. काही मुले एकाएकी शहाणी, गप्प होतात आणि त्या शहाणपणाचे आपण कौतुक करतो. घरातील थोरल्या मुलीची शाळा बुडू लागते, ती याच सुमारास.

वृद्ध आईवडिलांच्या वाट्याला, आपल्या आधी आपले अपत्य खचलेले पाहण्याचे दुःख येते. आणि स्वतः रुग्ण? आपल्यापायी घर वेठीस धरले गेले, ही जाणीव त्याला आजाराइतकीच पोखरते. 'मला घरी घेऊन चला, पैसे वाया घालवू नका' असे म्हणणारा रुग्ण अनेकदा उपचार नाकारत नसतो. घरच्यांचा भार हलका करण्याचा त्याच्या हाती उरलेला तो एकच मार्ग असतो.

मनात काय चालते

निदान कळल्यानंतर पहिली प्रतिक्रिया बहुधा अविश्वासाची असते. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, तेथून देवऋषी, अंगारा, गंडा अशी धावपळ सुरू होते. हे केवळ अज्ञान मानणे योग्य नाही. शिकलेली कुटुंबेही हेच करतात. फक्त त्यांच्या धावपळीचे पत्ते वेगळे असतात. मनाला वास्तव स्वीकारण्यास अवधी लागतो. तो अवधी फार लांबला, तर पैसा आणि उपचारांची वेळ दोन्ही हातची जातात. म्हणून या टप्प्यावर डॉक्टरांनी आजाराचे स्वरूप सोप्या शब्दांत आणि एकाहून अधिक वेळा समजावून सांगणे फार मोलाचे असते.

पुढे राग येतो: दैवावर, डॉक्टरांवर, कधी खुद्द रुग्णावर. पथ्य मोडणाऱ्या, रात्रभर हाका मारणाऱ्या माणसाचा राग येणे स्वाभाविक आहे. पण आजारी माणसावर रागावलो, या विचाराने लगेच अपराधी वाटते आणि ही साखळी चालू राहते. 'आता यांची सुटका झाली तर बरे' असा विचार प्रदीर्घ शुश्रूषा करणाऱ्या अनेकांच्या मनात डोकावतो. तो कोणाला सांगता येत नाही, म्हणून अधिक छळतो. असा विचार येणे हे थकव्याचे लक्षण आहे. प्रेम संपल्याचा तो पुरावा नव्हे, हे घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगण्याची गरज असते.

मानसिक आजार, कुष्ठरोग, क्षयरोग, एचआयव्ही यांसारख्या विकारांत लज्जेची भर पडते. मुलीचे लग्न जमणार नाही या भीतीने आजार लपवला जातो, येणे-जाणे तोडले जाते आणि ज्या काळात माणसांची सर्वाधिक गरज असते, त्याच काळात घर स्वतःहून एकटे पडते. या लज्जेला कधीकाळी कायद्याचाही आधार होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून आपल्या वैयक्तिक कायद्यांत नमूद होते. ते २०१९ सालच्या दुरुस्तीने वगळण्यात आले. कायद्यातील शब्द काढता येतो, मनातील भीती काढण्यास वेळ लागतो.

स्मृतिभ्रंशात आणखी एक अवघड प्रकार घडतो. माणूस समोर असतो, पण तो आपल्याला ओळखत नाही. मृत्यू झालेला नसतो, म्हणून शोक करता येत नाही. पूर्वीचे वडील उरलेले नसतात, म्हणून शोक थांबतही नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात, विद्वान वडील व त्यांची मुलगी यांच्या कथेतून ही अवस्था मराठी प्रेक्षकांपुढे आली.

थकवणारी गोष्ट कोणती

शुश्रूषा करणाऱ्यांच्या प्रकृतीविषयी अमेरिकेत १९९९ साली रिचर्ड शुल्झ व स्कॉट बीच यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या आणि त्या सेवेचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांच्या काळात मृत्यूचे प्रमाण, अशी जबाबदारी नसलेल्या वृद्धांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. या अभ्यासाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. जे सेवा करत होते पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. याचा अर्थ, घरातील माणसाची सेवा करणे स्वतःहून घातक नाही. विश्रांतीवाचून, मदतीवाचून आणि बोलण्यास कोणी नसताना ती करावी लागणे घातक आहे. हा फरक लक्षात घेतला, तर उपाय कोठे करायचा हेही कळते.

घरच्यांच्या मनःस्थितीचा परिणाम उलट रुग्णावरही होतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून केलेल्या संशोधनातून असे दिसले, की स्किझोफ्रेनियाचा रुग्ण सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असलेल्या घरात परतला, तर आजार उलटण्याचा संभव वाढतो. यात घरच्यांना दोष देण्याचा हेतू नाही. थकलेला माणूसच चिडचिड करतो. त्याचा थकवा उतरवणे हा रुग्णाच्या उपचारांचाच भाग ठरतो.

आपल्या देशात हे तत्त्व फार पूर्वी आचरणात आले होते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहण्यास बोलावले आणि त्यांना उपचारांत सहभागी करून घेतले. जागेची टंचाई असतानाही नातेवाइकांना अडचण न मानता सहकारी मानण्याची ही दृष्टी आजही अनुकरणीय आहे.

महाराष्ट्रातील काही प्रयत्न

पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. घरातच अनुभवलेल्या दुःखातून त्यांनी इतर कुटुंबांसाठी हे काम उभे केले. याच विषयावरील 'देवराई' हा मराठी चित्रपट २००४ साली आला. आजारी भावाची जबाबदारी घेणारी विवाहित बहीण आणि तिचे ओढाताण सोसणारे घर हे त्यात तितक्याच ठळकपणे दिसते.

या चळवळीने मराठीला दोन सुंदर शब्द वापरात आणून दिले. आजारासह जगणारी व्यक्ती म्हणजे 'शुभार्थी' आणि तिची काळजी घेणारी व्यक्ती म्हणजे 'शुभंकर'. पुण्यातील पार्किन्सन मित्रमंडळातही हेच शब्द रूढ आहेत. नाव मिळाले, की माणूस दिसू लागतो. 'सोबतचा नातेवाईक' हा उल्लेख जागा अडवणाऱ्याचा वाटतो; 'शुभंकर' म्हटल्यावर त्याचे कार्य ध्यानात येते.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालवला गेला. पतीच्या व्यसनाने पिचलेल्या स्त्रियांना प्रथमच, आपण एकट्या नाही, हे तेथे उमगले. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ सालापासून सिपला संस्थेच्या वतीने कर्करुग्णांसाठी परिहारक शुश्रूषेचे केंद्र विनामूल्य चालवले जाते. तेथे रुग्णाबरोबर घरचे माणूस राहू शकते आणि घरी गेल्यावर काळजी कशी घ्यावी, हेही त्याला शिकवले जाते. या शाखेच्या प्रवर्तक डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह सुरू केले. शरीराच्या वेदनेसोबत मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही वेदना असते, हा विचार त्यांनी मांडला. आजाराकडे एकट्या शरीराचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे आहे, हे या सर्व प्रयत्नांचे समान सूत्र आहे.

घरच्या मंडळींनी काय करावे

आंबवडे येथे नागेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्यांनी भोर संस्थानच्या काळातील झुलता पूल पाहिला असेल. झुलत्या पुलाचा भार एका खांबावर नसतो. अनेक तारा मिळून तो दोन्ही तीरांवर पोहोचवतात. एकाच तारेवर सारा भार आला, तर ती कितीही मजबूत असली तरी तुटेल. घरातील शुश्रूषेची रचना अशीच असावी. त्या दृष्टीने काही सूचना कराव्याशा वाटतात.

१. कामाची वाटणी बोलून ठरवावी. दूर राहणाऱ्या भावाने पैशांबरोबर महिन्यातून दोन दिवस शुश्रूषेचे घ्यावेत आणि त्या दोन दिवसांत वहिनीला खरोखर मोकळे सोडावे.

२. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीने स्वतःची झोप, जेवण व औषधे यांना रुग्णाच्या औषधांइतकेच महत्त्व द्यावे. रुग्णाला दाखवण्यास येताना तिने स्वतःचा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.

३. मुलांना त्यांच्या वयाला समजेल अशा भाषेत खरे सांगावे: आजाराचे नाव, पुढे काय होऊ शकते आणि यात तुमचा काही दोष नाही, हे तिन्ही. त्यांची शाळा व खेळ शक्य तो चालू ठेवावा.

४. रुग्णाकडून जेवढे होईल तेवढे काम त्याला करू द्यावे. भाजी निवडणे, हिशेब लिहिणे, नातवंडांचा अभ्यास घेणे यातून आपण निरुपयोगी नाही, ही भावना टिकते.

५. नातेवाइकांनी 'काही लागले तर सांगा' असे म्हणून थांबू नये. मागण्याचा संकोच असतो. 'गुरुवारी दुपारी मी यांच्याजवळ बसतो, तुम्ही बाजार करून या' असे नेमके सांगावे.

६. सतत रडू येणे, झोप न लागणे, भूक मंदावणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे शुश्रूषा करणाऱ्यात दोन आठवड्यांहून अधिक काळ दिसली, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. जगणे नकोसे झाल्याचा विचार येत असल्यास तेवढीही वाट पाहू नये. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

७. रुग्णाच्या निधनानंतर दुःखासोबत सुटल्यासारखे वाटले, तर स्वतःला दोष देऊ नये. बरीच वर्षे वाहिलेले ओझे खाली ठेवताना असे वाटणारच. या काळात घरी येणे-जाणे ठेवणे, हे नातेवाइकांचे कर्तव्य तेराव्या दिवशी संपत नाही.

देणगीदार व विश्वस्त यांच्यासाठी

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार, सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खालील धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवतात. खाटेवरील माणसाची तरतूद कायद्याने झाली. खाटेशेजारी बसलेल्या माणसाची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही; ती आपल्यासारख्या संस्थांच्या आणि दात्यांच्या इच्छेवर अवलंबून आहे.

देणगी देताना यंत्रसामग्रीला पसंती मिळते, हे समजण्यासारखे आहे. यंत्र दिसते, त्याचा उपयोग सांगता येतो, त्यावर दात्याच्या मातापित्यांच्या स्मरणार्थ फलक लावता येतो. समुपदेशकाच्या पगाराला फलक लावता येत नाही. तरीही एका समाजसेवा अधीक्षकाचे वर्षाचे वेतन, नातेवाइकांना रात्री पाठ टेकण्यासाठी जागा, गरम पाणी व चूल यांची सोय, महिन्यातून एकदा शुभंकरांची एकत्र बैठक आणि लांबून येणाऱ्या सोबत्याचे प्रवासभाडे, हे सर्व एखाद्या मोठ्या यंत्राच्या किमतीच्या मानाने अल्प आहे. त्यातून घर उभे राहते, मुलीची शाळा चालू राहते, रुग्णाचे उपचार अर्ध्यावर तुटत नाहीत. उपचार अर्ध्यावर तुटले, तर यंत्रावरील खर्चही वाया जातो, हे हिशेबाच्या दृष्टीनेही ध्यानात घ्यावे.

एक सुधारणा तर बिनखर्चाची आहे. केसपेपरवर सोबतच्या व्यक्तीच्या नावापुढे आणखी एक ओळ छापावी: 'आपली स्वतःची प्रकृती कशी आहे?' उत्तर लिहून घेण्यास एक मिनिट लागेल. विश्वस्त मंडळाने या सूचनेचा अवश्य विचार करावा, अशी विनंती आहे.